फुटबॉल मॅनेजर : कोंवळ्या खेळाडूंची जोपासना

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात अशी आपल्याकडे म्हण आहे. ती कितपत खरी, हा प्रश्न आईबाप, शिक्षक व खेळ शिकविणारे यांच्यापुढें नेहमींच उभा असतो. परंतु त्याचें उत्तर पाहावयास पंधरा-वीस वर्षें थांबावें लागतें, आणि तोंपर्यंत विचारणारा बहुधा आपला प्रश्नच विसरून गेलेला असतो. संगणकावर खेळला जाणारा ‘फुटबॉल मॅनेजर’ नांवाचा एक खेळ आहे. त्यांत हीं पंधरा वर्षें कांहीं आठवड्यांच्या संध्याकाळीं पुरीं होतात, व पाळण्यांत दिसलेल्या पायांचें पुढें काय झालें तें डोळ्यांनीं पाहावयास मिळतें. आमच्या वाचकांपैकीं जे हा खेळ खेळतात त्यांस त्यांतील मुलें घडविण्याचा भाग फार प्रिय असतो. जे खेळत नाहींत त्यांस त्यांत एवढें काय आहे असें वाटतें. दोघांच्याही उपयोगीं पडेल अशा रीतीनें या भागाची घडण येथें समजावून देण्याचें योजिलें आहे.

प्रथम खेळाविषयीं थोडेंसें. यांत खेळणारा स्वतः चेंडूस पाय लावीत नाहीं. तो संघाचा मॅनेजर असतो. खेळाडू निवडणें, विकत घेणें व विकणें, सरावाची आखणी करणें, सामन्याचा डाव ठरविणें, आणि हार झाल्यास वार्ताहरांच्या प्रश्नांस तोंड देणें हीं त्याचीं कामें. या नांवाचा पहिला खेळ केव्हिन टॉम्स या इंग्रज गृहस्थानें १९८२ सालीं काढला होता. आज ज्याचा बोलबाला आहे तो मात्र दुसऱ्या घराण्याचा. पॉल व ऑलिव्हर कॉलियर या दोघां बंधूंनीं १९९२ सालीं ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ हा खेळ प्रसिद्ध केला. पुढें त्यांची ‘स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था व तिचे तेव्हांचे प्रकाशक यांची फारकत झाली, जुनें नांव प्रकाशकांकडे राहिलें, आणि २००४ पासून या संस्थेचा खेळ ‘फुटबॉल मॅनेजर’ या नांवानें निघूं लागला. १९९२ च्या पहिल्या आवृत्तींत खेळाडूंचीं नांवें काल्पनिक होतीं. आज जगभर पसरलेले तेराशेंहून अधिक निरीक्षक खऱ्या खेळाडूंचे गुण पारखून या खेळासाठीं नोंदवितात, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें निघालेल्या आवृत्तींत स्त्रियांच्या फुटबॉलचाही समावेश झाला आहे.

आतां मुख्य विषय. या खेळांतील प्रत्येक खेळाडूच्या मागें दोन आंकडे असतात, व ते दोन्ही खेळणाऱ्यापासून लपविलेले असतात. पहिला त्याच्या आजच्या क्षमतेचा. दुसरा संभाव्य क्षमतेचा, म्हणजे सर्व कांहीं मनासारखें घडून आलें तर तो कोठवर चढूं शकेल त्या मर्यादेचा. दोहोंचें माप १ पासून २०० पर्यंत. पडद्यावर दिसतात ते गुण निराळे: चेंडू अडविणें, पास देणें, गोल साधणें, धांव, उडी, निर्णय, धैर्य असे मैदानांतील खेळाडूस छत्तीस, व त्यांतील प्रत्येक १ ते २० या मापानें मोजलेला.

लपलेल्या आंकड्याचा व दिसणाऱ्या गुणांचा संबंध कसा असतो तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे. आजची क्षमता ही पैशाची एक थैली आहे असें समजा. तींतील पैसे छत्तीस गुणांवर वांटून खर्च झालेले असतात. पण सर्व गुणांचा भाव एक नाहीं. बचावाच्या खेळाडूस चेंडू हिसकावून घेण्याचा गुण महाग पडतो व गोल साधण्याचा स्वस्त. आघाडीच्या खेळाडूस याच्या उलट. दोन्ही पायांनीं सारखेंच खेळतां येणें, यासही थैलींतूनच मोल द्यावें लागतें. जिद्दीस मात्र कांहींच मोल पडत नाहीं. ती ज्याच्यापाशीं आहे त्यास ती फुकट मिळालेली असते. यामुळें एकाच क्षमतेचे दोन मुलगे मैदानावर अगदीं भिन्न दिसूं शकतात. एकानें आपलें धन पायांवर खर्चिलेलें असतें, दुसऱ्यानें डोक्यावर.

दुसरा आंकडा, संभाव्य क्षमतेचा, हा एकदां ठरला म्हणजे कितीही परिश्रमांनीं वाढत नाहीं. खऱ्या मुलांच्या बाबतींत निरीक्षकांसच जेव्हां खात्री नसते तेव्हां ते निश्चित आंकडा न देतां उणे चिन्हाचा संकेत देतात. उणे नऊ म्हणजे १५० ते १८० यांमधील कोणताही आंकडा. उणे दहा म्हणजे १७० ते २०० यांमधील. नवा डाव मांडला कीं खेळ या मर्यादांत जणूं चिठ्ठी टाकतो. म्हणून दोन मित्र एकाच मुलाविषयीं हिरिरीनें वाद घालतात, एक म्हणतो तो जगज्जेता झाला, दुसरा म्हणतो तो सामान्य निघाला, आणि दोघेही खरें बोलत असतात. त्यांच्या दोन डावांत तो मुलगा एक नसतोच.

हा आंकडा मर्यादा आहे, वचन नव्हे, ही गोष्ट फार थोडे खेळणारे मनांत वागवितात. १६० ची मर्यादा घेऊन आलेला मुलगा ११५ वर थांबून राहतो, व तसाच निवृत्त होतो, असें या खेळांत नेहमीं घडतें. तो कोठें थांबतो हें ठरविणाऱ्या बहुतेक गोष्टी त्याच्या स्वतःच्या हातांतल्या नसतात. त्या मॅनेजरच्या हातांत असतात.

मुलें येतात कोठून? खेळांत वर्षांतून एकदां संघाच्या युवकशाळेंत नव्या मुलांची तुकडी दाखल होते. इंग्लंडांत हा दिवस बहुधा मार्च महिन्यांत येतो, व त्याच्या कांहीं महिने आधीं तुकडी कशी असेल याची अंधुक सूचना मिळते. मुलें पंधरा-सोळा वर्षांचीं असतात. खरीं नव्हेत, खेळानेंच निर्माण केलेलीं. त्यांस ‘न्यूजेन’ म्हणतात. पूर्वीं ‘रीजेन’ म्हणत, कारण जुन्या आवृत्त्यांत एखादा वयस्क खेळाडू निवृत्त झाला कीं त्याच्या गुणांचा ठसा घेऊन एक नवा मुलगा जन्मास येई. पुनर्जन्माची ही कल्पना त्या इंग्रज बंधूंच्या डोक्यांत कोठून आली कोण जाणे!

तुकडी कशी निघेल हें युवकशाळेच्या सोयींवर, लहान मुलांच्या शिक्षणावर संघ किती खर्च करतो यावर, मुलें हुडकणारीं माणसें किती दूरवर फिरतात यावर, व तो देश फुटबॉलमध्यें किती पुढारलेला आहे यावर अवलंबून असतें. ब्राझीलमधील साध्या संघाच्या दारांत जसा मुलगा आपण होऊन येतो तसा एखाद्या लहानशा देशांतील धनाढ्य संघास लाख खटपटी करून मिळत नाहीं. सोयी वाढविण्यास संचालक मंडळाची संमति लागते, बांधकामांत महिनेच्या महिने जातात, व त्याचें फळ त्यानंतरच्या तुकड्यांत दिसूं लागतें. उतावळ्या मॅनेजरनें लावलेल्या झाडाचीं फळें त्याच्यामागून येणारा खातो.

या सर्वांहून उपेक्षित पण महत्त्वाची गोष्ट म्हणजे युवक विभागाचा प्रमुख. या माणसाचा स्वभाव नव्या तुकडींतील मुलांच्या स्वभावावर उमटतो. प्रमुख मेहनती व व्यवस्थित असेल तर तशा वृत्तीचीं मुलें येण्याचा संभव वाढतो. तो आळशी व लहरी असेल तर तींही तशींच. नवशिके मॅनेजर या जागेसाठीं मोठ्या कीर्तीचा माणूस शोधतात. कीर्ति पाहतात, स्वभाव पाहत नाहींत, आणि मग मुलें बिघडलेलीं कां येतात म्हणून कपाळावर हात मारून घेतात.

मुलें आलीं, आतां त्यांत रत्न कोणतें? आंकडा झांकलेला असल्यामुळें आपले शिक्षक व स्काउट यांच्या मतांवर विसंबावें लागतें. हीं मतें तारकांच्या रूपानें मांडलेलीं असतात, व त्यांनीं जितके लोक फसतात तितके दुसऱ्या कशानेंही फसत नसतील. पांच तारका म्हणजे जगांतील उत्तम मुलगा असा अर्थ नव्हे. आपल्या संघाच्या मानानें उत्तम एवढाच. वासरांत लंगडी गाय शहाणी, या न्यायानें चौथ्या श्रेणींतील संघांत पांच तारका मिळविणारा मुलगा मँचेस्टर सिटीच्या शाळेंत दोन तारकांचा ठरतो. शिवाय मत देणाऱ्याची पारखही मोजलेली असते. संभाव्य क्षमता ओळखण्याचा गुण ज्याच्यापाशीं वीसपैकीं सहा, त्याच्या पांच तारकांपेक्षां ज्याच्यापाशीं अठरा, त्याच्या साडेतीन तारका मोलाच्या. खात्री नसलेल्या तारका निराळ्या रंगानें दाखविलेल्या असतात. त्या रंगाकडे पाहण्याचें धैर्य असणें हीच पारखीची पहिली पायरी होय.

यानंतर वाढीचें गणित. पंधरा ते अठरा या वयांत मुलाचें पोषण मुख्यतः सरावावर होतें. मैदान, साधनें व शिक्षक उत्तम असले आणि आपल्या वयाच्या मुलांबरोबर सामने मिळत राहिले म्हणजे या वयांत पुरे. मुलगा हुषार दिसला कीं त्यास सतराव्या वर्षींच पहिल्या संघांत दर आठवड्यास उतरविणारे मॅनेजर पुष्कळ आहेत. त्यांचा हेतु चांगला असतो. परिणाम मात्र बहुधा वाईट. कोंवळें शरीर दुखावतें, दुखापतींत महिने जातात, आणि दुखापत भारी असेल तर धांव व चपळाई यांतील कांहीं अंश कायमचा जातो. ‘पी हळद अन् हो गोरी’ हा प्रकार मैदानावर चालत नाहीं.

अठरावें वर्ष ओलांडलें कीं हाच नियम उलटा होतो. आतां सराव कितीही उत्तम असो, खऱ्या सामन्यांवांचून वाढ खुंटते. अठरा ते एकवीस-बावीस हा काळ सर्वांत मोलाचा, आणि मोठ्या संघांत हाच काळ सर्वांत अधिक वायां जातो. कारण तेथें पहिल्या अकरांत जागा नसते, व राखीव बाकावर बसून कोणी मोठा होत नाहीं. चोविशीनंतर वाढ मंदावते. शरीराचे गुण तिशीच्या सुमारास उतरणीस लागतात. अंदाज, निर्णय, मनाचें स्थैर्य हे गुण त्यानंतरही चढत राहूं शकतात. गोलरक्षक सर्वांत उशिरां पिकतो, म्हणून विसाव्या वर्षीं कच्चा दिसणाऱ्या गोलरक्षकास विकण्याची घाई करूं नये.

एक हिशेब करून पाहूं. समजा, सोळा वर्षांच्या मुलाची आजची क्षमता ७० व मर्यादा १५० आहे, आणि बावीसाव्या वर्षापर्यंत त्यानें मर्यादा गांठावी अशी आपली इच्छा आहे. सहा वर्षांत ८० पायऱ्या, म्हणजे वर्षाला सुमारें १३. आतां एकोणिसावें वर्ष तो नुसता बाकावर बसला असें धरा. उरलेल्या पांच वर्षांत त्यास वर्षाला १६ पायऱ्या चढाव्या लागतील. परंतु वाढीचा वेग आपल्या इच्छेनुसार वाढत नाहीं. तें गेलेलें वर्ष पुढें भरून निघत नाहीं. त्याच्या अखेरच्या उंचींतून तें वजा होतें. कागदावर हा हिशेब सोपा दिसतो. पण एकोणीस वर्षांचा मुलगा बाकावर असतांना संघ स्पर्धेंत दुसऱ्या क्रमांकावर असतो, पहिला क्रमांक दोन गुणांवर असतो, आणि त्या मुलाच्या जागीं तीस वर्षांचा कसलेला गडी खेळविल्यास आजचा सामना जिंकण्याचा संभव अधिक असतो. खरी कसोटी येथें आहे. मॅनेजर सामना गमावल्यामुळें पदच्युत होतो. मुलाचें एक वर्ष गमावल्यामुळें कोणी त्यास पदच्युत करीत नाहीं.

यावर तोड म्हणून मुलास दुसऱ्या संघाकडे एका हंगामापुरता उसना देण्याची चाल आहे. ही चाल उत्तम, पण डोळे मिटून करावयाची नव्हे. उसना घेणारा संघ त्यास खेळविणार आहे कीं केवळ संख्या भरावयास नेत आहे, हें करारांत पाहावें; त्या संघाच्या सरावाच्या सोयी कशा आहेत तें पाहावें; आणि स्पर्धेची पातळी मुलाच्या आवाक्यांतली पण त्यास ताण देणारी असावी. फार खालच्या पातळीवर तो सहज जिंकतो व कांहीं शिकत नाहीं. फार वरच्या पातळीवर रोज हरतो व त्याचें मन खचतें. परत बोलावण्याची अट करारांत घालून ठेवणें शहाणपणाचें.

खऱ्या फुटबॉलमध्यें या चालीचें प्रसिद्ध उदाहरण हॅरी केन याचें. टॉटनहॅमच्या युवकशाळेंत वाढलेल्या या मुलास २०११ ते २०१३ या काळांत लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉरिच व लेस्टर अशा चार संघांकडे उसनें पाठविण्यांत आलें. मिलवॉलमध्यें त्याचा जम बसला. नॉरिचमध्यें पायाचें हाड मोडून हंगामाचा मोठा भाग फुकट गेला. लेस्टरमध्यें तो पुष्कळदां राखीव बाकावरच असे. त्या काळीं त्याच्या तारका मोजणाऱ्यानें काय मत दिलें असतें याची कल्पनाच करावी. २०२३ च्या मार्च महिन्यांत तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघासाठीं सर्वांत अधिक गोल करणारा खेळाडू झाला.

सराव व सामने यांनंतर तिसरी गोष्ट येते ती स्वभाव. प्रत्येक खेळाडूस व्यावसायिक शिस्त, महत्त्वाकांक्षा, दडपण सोसण्याची शक्ति, निष्ठा असे कांहीं लपलेले गुण असतात. त्यांचे आंकडे दिसत नाहींत; त्या सर्वांचा सारांश एका-दोन शब्दांत दिलेला असतो. ‘मॉडेल सिटिझन’ किंवा ‘प्रोफेशनल’ असे शब्द दिसले तर मॅनेजरनें निश्चिंत व्हावें. ‘कॅज्युअल’ किंवा ‘स्लॅक’ दिसले तर सावध व्हावें. उत्तम सोयी, उत्तम शिक्षक व भरपूर सामने देऊनही शिस्त नसलेला मुलगा अर्ध्या वाटेंत बसकण मारतो. लेखकाच्या मतें हा एक शब्द पांच तारकांहून अधिक बोलका आहे.

सुदैवानें स्वभाव अगदींच अढळ नसतो. पूर्वींच्या आवृत्त्यांत एका वडील खेळाडूकडे एक मुलगा शिकाऊ म्हणून सोंपवीत असत. २०१८ च्या अखेरीस निघालेल्या आवृत्तीपासून त्या जागीं लहान लहान गट आले. गटांत निदान तीन जण असावे लागतात, व त्यांतील वजनदार माणसाचा स्वभाव हळूहळू इतरांत उतरतो. वजन कोणाचें अधिक हें वय, संघांतील सेवेचा काळ व सहकाऱ्यांतील मान यांवरून ठरतें. ढवळ्याशेजारीं पवळा बांधला, वाण नाहीं पण गुण लागला, ही आपल्या शेतकऱ्याची म्हण या रचनेचें तंतोतंत वर्णन करते. आणि म्हणीप्रमाणेंच येथें गुण दोन्ही बाजूंचा लागतो. मोठ्या नांवाचा पण बेशिस्त खेळाडू गटांत घातला तर तो तीन चांगल्या मुलांस वर्षभरांत आपल्यासारखें करून ठेवतो. म्हणून पुष्कळ जाणते मॅनेजर चौतीस वर्षांच्या, धांव उरली नाहीं अशा, परंतु सरळ वृत्तीच्या खेळाडूस अजून एक वर्ष पगार देऊन ठेवतात. संचालक विचारतात, हा तर खेळत नाहीं. तो खेळत नाहीं हें खरें. पण सकाळच्या सरावांत मुलें त्याच्या भोंवतीं असतात.

वैयक्तिक सरावाविषयीं फार सांगण्याजोगें नाहीं. मुलाच्या जागेस जे गुण महाग पडतात त्यांवर भर द्यावा, एका वेळीं एकच दोष सुधारावा, व सरावाचा जोर दुप्पट करण्याचा मोह टाळावा, कारण त्यानें दुखापती वाढतात. असो.

येथें एका वादग्रस्त गोष्टीविषयीं स्पष्ट बोलणें अवश्य आहे. निराळे पैसे दिल्यास या खेळाबरोबर एक ‘एडिटर’ मिळतो; त्यानें झांकलेले आंकडे उघडे होतात. बाहेरच्या लोकांनीं केलेलीं तसलीं साधनेंही आहेत, आणि दर वर्षीं ‘वंडरकिड’ म्हणविणाऱ्या मुलांच्या याद्या हातोहात फिरतात. पैसे आपले, खेळ आपला. त्यांत पाप कांहीं नाहीं. परंतु आंकडा पाहिल्यावर मॅनेजरच्या हातून काय होतें तें पाहा. १६० ची मर्यादा असलेल्या आळशी मुलास तो पांच वर्षें कुरवाळतो, आणि १३५ ची मर्यादा असलेल्या मेहनती मुलाकडे ढुंकूनही पाहत नाहीं. पहिला ११५ वर अडकतो. दुसरा, त्यास कोणी वाढविलें असतें तर, १३० वर जाऊन इंग्लंडच्या पहिल्या श्रेणींतील एखाद्या मध्यम संघांतही जागा मिळवूं शकला असता. ज्यानें आंकडा पाहिला त्यानें निवड केली. घडविण्याचें काम त्यानें सोडून दिलें. ज्यास आंकडा ठाऊक नसतो तो निरुपायानें मुलाकडेच पाहतो: सरावांत काय करतो, हरल्यावर काय करतो, कोणाबरोबर बसतो. निर्मात्यांनीं आंकडे झांकून ठेवले यांतच या खेळाची सर्व गोडी आहे, असें लेखकास वाटतें.

आतांपर्यंत सांगितलें तें खेळानें निर्माण केलेल्या मुलांविषयीं. त्यांस काय वाटतें हा प्रश्नच उद्भवत नाहीं. परंतु निरीक्षकांनीं जे आंकडे खऱ्या, चालत्याबोलत्या मुलांस दिले त्यांची कथा वेगळी आहे. २००१-०२ च्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’मध्यें मिलवॉलचा चेर्नो सांबा हा सोळा वर्षांचा आघाडीचा खेळाडू घेतला कीं चषक घरीं आला असें समजत. गांबियांत जन्मलेला हा मुलगा शाळेच्या सामन्यांत गोलांचा पाऊस पाडीत असे, हें खरेंच होतें. पण मिलवॉलच्या पहिल्या संघांतून तो एकदांही खेळला नाहीं. पुढें स्पेन, फिनलंड, ग्रीस, नॉर्वे असा फिरला, गांबियासाठीं कांहीं सामने खेळला, आणि तिशीच्या सुमारास निवृत्त झाला. त्याच आवृत्तींतील डर्बी काउंटीचा टोंटोन झोला मोकोको हा किन्शासा येथें जन्मलेला व स्वीडनमध्यें वाढलेला मुलगा. खेळांत तो युरोपांतील पहिल्या प्रतीचा होई. प्रत्यक्षांत भावाच्या मृत्यूनंतर तो स्वीडनला परतला, व डर्बीच्या पहिल्या संघांत त्यास पाय ठेवतां आला नाहीं. भावाच्या मृत्यूस २०० च्या मापांत कोणतें स्थान? अमेरिकेचा फ्रेडी अडू २००४ सालीं वयाच्या चवदाव्या वर्षीं तेथील वरिष्ठ स्पर्धेंत उतरला. त्यानंतरच्या आवृत्त्यांत तो सर्वांच्या यादींत असे. प्रत्यक्षांत संघामागून संघ व देशामागून देश बदलण्यांत त्याचें तारुण्य गेलें. जगांतील हजारों अनोळखी मुलांस ठाऊक असलेलें आपलें भविष्य स्वतःस मात्र गांठतां येत नाहीं, ही स्थिति या तिघांच्या वाट्यास आली.

त्याच २००१-०२ च्या आवृत्तींत पोर्तुगालमधील गुव्हेया या लहान संघांत तो मादेइरा नांवाचा एक अप्रतिम आघाडीचा खेळाडू होता. ज्यानें त्यास घेतलें त्यास गोलांची ददात पडली नाहीं. त्याच्या बाबतींत फक्त एक अडचण होती. असा खेळाडू अस्तित्वांतच नव्हता; तेथील निरीक्षकानें तो नोंदींत घुसडून दिला होता.

याचा अर्थ या नोंदी टाकाऊ असा कोणी करूं नये. २००८ सालीं एव्हर्टन या जुन्या व मानी संघानें खेळाडू हुडकण्यासाठीं या नोंदी वापरण्याचा करार केला. तेराशें माणसांचे डोळे एखाद्या संघाच्या दहा-बारा स्काउटांहून अधिक पाहतात, हें उघड आहे. दोष डोळ्यांचा नाहीं. मर्यादा एकदां ठरली म्हणजे ठरली, या नियमावर उभारलेल्या रचनेंत माणसाचें उशिरां फुलणें मावत नाहीं, एवढेंच.

जेमी व्हार्डी याचें उदाहरण घ्या. सोळाव्या वर्षीं शेफील्ड वेन्सडेनें त्यास लहानखुरा म्हणून सोडून दिलें. स्टॉक्सब्रिज नांवाच्या गांवठी संघांत खेळत, रुग्णांचे आधार बनविणाऱ्या कारखान्यांत काम करीत त्यानें दिवस काढले. २०१२ सालीं लेस्टरनें त्यास दहा लक्ष पौंडांस घेतलें, तेव्हां तो पंचवीस वर्षांचा होता. २०१३ च्या वसंतांत तो व वर सांगितलेला केन हे कांहीं सामन्यांत लेस्टरच्या राखीव बाकावर एकत्र बसलेले होते. २०१५ सालीं त्यानें लागोपाठ अकरा सामन्यांत गोल केले, व त्या हंगामाच्या अखेरीस लेस्टर इंग्लंडचा अजिंक्य संघ ठरला. एका डावाच्या पोटांत असा मनुष्य निपजूं शकत नाहीं. सोळाव्या वर्षीं ज्याची मर्यादा ११० ठरली तो अठ्ठाविसाव्या वर्षीं १५० होत नाहीं. अशा वेळीं निरीक्षकांस पुढील आवृत्तींत नवा आंकडा लिहून जुना हिशेब मिटवावा लागतो.

हंगामाच्या अखेरीस मॅनेजरपुढें एक यादी येते. तींत करार संपत आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचीं नांवें असतात. प्रत्येक नांवापुढें शिक्षकांचें मत, तारका, आणि ठेवावें कीं सोडावें याचीं दोन बटणें. बहुतेक मॅनेजर ही यादी अर्ध्या मिनिटांत उरकतात, कारण पुढील तुकडी दारांत उभी असते. तारका दीड असल्या, वेतन वाचणार असलें, म्हणजे बटण दाबावयास वेळ लागत नाहीं. सोडलेलीं मुलें कांहीं काळ संघाविना राहतात. पुष्कळशीं नोंदींतून नाहींशीं होतात. कांहींस खालच्या श्रेणींतील संघ घेतात व तेथें त्यांस दर आठवड्यास खेळावयास मिळतें. मग चार-पांच वर्षांनीं चषकाच्या एखाद्या फेरींत असल्याच एका संघाशीं गांठ पडते, सामन्यापूर्वीं प्रतिपक्षाच्या अकरा जणांची यादी पडद्यावर उमटते, आणि मधल्या फळींत ओळखीचें एक नांव दिसतें.